जानेवारीत पास, मे महिन्यात नापास: ग्वाल्हेरच्या एका रेंडर मशीनचं ओव्हरक्लॉकिंग

मशीन आणि मालक

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, जनकगंजच्या बाजूला, लग्नाचे व्हिडिओ करणारा एक मराठी एडिटर आहे. शूटिंगपासून पेनड्राइव्ह हातात देईपर्यंत सगळं तो आणि त्याचा इंजिनिअरिंगला असलेला धाकटा भाऊ मिळून बघतात. काम मुख्यतः दोन हंगामांत येतं, एक दिवाळीनंतरचा आणि दुसरा अखातीजेच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे. मशीन पाच-सहा वर्षं जुनं: इंटेल कोअर आय५-९६००के, झेड३९० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर थंड ठेवणारा १२० मिलिमीटर पंख्याचा एक टॉवर कूलर आणि ६०० व्हीएचा यूपीएस. ते ठेवलेलं आहे वरच्या मजल्यावर, जुन्या घरातल्या पटियांच्या छताखाली. ज्यांनी ग्वाल्हेरचं असं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: दगडी पटिया दिवसभर ऊन पितात आणि ते रात्री अकरापर्यंत खोलीत सोडत राहतात. हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण या प्रकरणात प्रोसेसरइतकंच त्या छताचंही काम आहे.

जानेवारीत धाकट्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला: थेट ५ गिगाहर्ट्झवर नेला. मे महिन्यात मशीन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आलं. मधल्या काळात बिघडलं काय, आणि मुळात हा उद्योग करण्यासारखा होता का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर मोजून मिळालं. दुसऱ्यावर दोघा भावांचं अजूनही एकमत नाही.

नेमकं केलं काय होतं

९६००के हा सहा कोअरचा, म्हणजे एका वेळी सहा कामं करू शकणारा, प्रोसेसर. इंटेलने तो २०१८ मध्ये आणला. मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, एकट्या कोअरवर काम असेल तर ४.६ पर्यंत जातो, आणि सहाही कोअर कामाला लागले की ४.३ वर स्थिरावतो. नावातल्या 'के'चा अर्थ असा की याचा गुणक मोकळा सोडलेला आहे. बोर्डाचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा. त्याला ४३ ने गुणलं की ४.३ गिगाहर्ट्झ, ५० ने गुणलं की ५. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक आकडा बदलायचा, बास.

पण वेग वाढवला की ट्रान्झिस्टरला पुढच्या ठोक्याआधी आपली अवस्था बदलायला कमी वेळ मिळतो. तो कमी वेळात बदलावा म्हणून व्होल्टेज वाढवावं लागतं. धाकट्याने सहाही कोअर ५ गिगाहर्ट्झवर बसवले आणि लोडखाली (पूर्ण काम चालू असताना) १.३२ व्होल्ट मिळतील अशी सोय केली. कंपनीच्या सेटिंगवर हाच चिप लोडखाली सुमारे १.२० व्होल्टवर चालत होता.

इथे एक हिशोब करून बघण्यासारखा आहे. चिप खात असलेली वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग ४.३ वरून ५, म्हणजे १६ टक्के जास्त. व्होल्टेज १.२० वरून १.३२, म्हणजे १० टक्के जास्त, आणि त्याचा वर्ग २१ टक्के जास्त. दोन्ही गुणले की ४१ टक्के. सोळा टक्के वेगासाठी एक्केचाळीस टक्के जास्त उष्णता. प्रत्यक्ष वाचनही जवळपास तेच निघालं: रेंडर करताना (एडिट केलेली फिल्म अंतिम फाइलमध्ये उतरवताना) कंपनी सेटिंगवर चिप सुमारे १०० वॅट घेत होता, ५ गिगाहर्ट्झवर १४०.

धाकट्याचं काम अडाणीपणाचं नव्हतं हेही नोंदवतो. वेग मोजणारं सिनेबेंच चालवलं, प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं प्राइम९५ तासभर चालवलं, तापमान लिहून ठेवलं. सर्वाधिक ७८ अंश. या चिपची मर्यादा १०० ची. बावीस अंशांचं अंतर पाहून कोणीही निश्चिंत झालं असतं.

फक्त त्या दिवशी खोलीत १७ अंश होते.

मे महिन्याचं गणित

चिपवरचा पंख्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. अमुक वॅटला खोलीच्या तापमानापेक्षा तमुक अंश वर, एवढंच तो ठरवतो. जानेवारीत खोली १७ आणि चिप ७८, म्हणजे १४० वॅटला फरक ६१ अंशांचा. मे महिन्यात बाहेर ४५ असताना, वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर घरघरत असूनही त्या खोलीत दुपारी ३९ होते. ३९ अधिक ६१ किती, हे सांगायला प्राइम९५ लागत नाही.

शंभराला टेकला की प्रोसेसर स्वतःचा वेग खाली आणतो. जळत नाही, बंदही पडत नाही, फक्त हळू होतो. 'ओव्हरक्लॉक केलं की चिप जळतो' ही जी भीती अजून लोकांच्या मनात आहे ती आजच्या चिपच्या बाबतीत बरीचशी जुनी झालेली आहे. या संरक्षणाच्या थरामुळे सरळ जळून जाणं अवघड आहे. मे महिन्यात हे मशीन ५ गिगाहर्ट्झवर बसवलेलं असूनही रेंडरच्या मध्यात ४.४ ते ४.६ च्या दरम्यान हेलकावे खात होतं. म्हणजे उष्णता, आवाज आणि जोखीम पाच गिगाहर्ट्झची, आणि वेग साडेचारचा.

कंपनी सेटिंगवर हाच कूलर १०० वॅटला सुमारे ४३ अंशांचा फरक ठेवतो. मे महिन्यात ८२. छान नाही, पण चालण्यासारखं.

यात धुळीचाही वाटा होता. ग्वाल्हेरला एप्रिल-मेमध्ये आंधी येते, आणि घरात पाण्याचा कूलर चालू असला की ओलसर हवेत ती धूळ चिपवरच्या कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये पापुद्र्यासारखी चिकटून बसते. ब्लोअर मारून, ब्रशने साफ करून, चिप आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट बदलून पाच-सहा अंश कमी झाले. एरवी या साफसफाईने गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. इथे तेवढ्याने भागणार नव्हतं.

तीन तक्रारी, तीन कारणं

एडिटरने मशीन आणलं तेव्हा तक्रार एकच सांगितली: "काका, रेंडरमध्ये धोका देतंय." खोदून विचारल्यावर तीन निघाल्या. कधी मशीन एकदम बंद होतं, कधी निळी स्क्रीन येते, आणि एकदा तर फाइल पूर्ण झाली पण आत चित्र फाटलेलं. या तिन्ही एकाच कारणाच्या असतील असं धरून चाललं तर माणूस चक्रावून जातो, म्हणून सुटं सुटं बघितलं.

एकदम बंद होण्याचं कारण चिपमध्ये नव्हतंच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) त्या वेळेला फक्त कर्नल-पॉवर ४१ ची नोंद होती, म्हणजे मशीन नीट बंद न होता अचानक थांबलं एवढंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत झेपवतो. आता बेरीज करा: चिप १४०, त्याला वीज देणाऱ्या बोर्डावरच्या भागाचा तोटा १५, रेंडरमध्ये ग्राफिक्स कार्ड ९०, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे ४०. झाले २८५. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ८७ टक्के धरली तर भिंतीपाशी ३२८, आणि मॉनिटरचे ३०. एकूण ३५८. मे महिन्यात वीज मिनिटभर गेली-आली की यूपीएस बॅटरीवर येऊन ओव्हरलोडची शिट्टी मारत होता आणि सोडून देत होता. कंपनी सेटिंगवर हीच बेरीज ३०६ च्या आसपास येते आणि यूपीएस गुमान चालतो. ओव्हरक्लॉकचा खर्च मोजताना लोक कूलर मोजतात, फार तर पॉवर सप्लाय मोजतात. यूपीएस कोणी मोजत नाही, आणि आपल्याकडे तोच आधी हात टेकतो.

निळी स्क्रीन मात्र चिपचीच. तिच्यावर डब्ल्यूएचईए (विंडोजची हार्डवेअरच्या चुका टिपणारी यंत्रणा) अनकरेक्टेबल एरर असं लिहिलेलं होतं, म्हणजे प्रोसेसरने स्वतःच कबूल केलं की आपल्याकडून चूक झाली आणि ती दुरुस्त करता आली नाही. खरी गंमत लॉगमध्ये खाली गेल्यावर दिसली. मार्चपासून अधूनमधून डब्ल्यूएचईए-लॉगरच्या इव्हेंट १९ च्या नोंदी होत्या: चूक झाली, पण दुरुस्त केली. मशीन तेव्हा वरवर उत्तम चालत होतं. होळीच्या सुमारास खोली तापायला लागली तसा चिप इशारे देत होता, आणि ते बघायला कोणी गेलं नव्हतं. ज्याला ओव्हरक्लॉक करायचंच आहे त्याने आणखी काही नाही तरी आठवड्यातून एकदा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. फुकट आहे, आणि सिनेबेंचच्या आकड्यापेक्षा खरं बोलतो.

जानेवारीत तासभर प्राइम९५ झेललेला तोच चिप, तोच वेग, तेच व्होल्टेज, आणि मे महिन्यात चूक का करतो? कारण तापलेल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची चाल मंदावते आणि चिपमधल्या तांब्याच्या तारांचा रोध वाढतो. या व्होल्टेजला तापलेला ट्रान्झिस्टर थंड ट्रान्झिस्टरपेक्षा हळू असतो. ७८ अंशांवर ५ गिगाहर्ट्झला पुरणारं व्होल्टेज ९८ अंशांवर पुरेलच असं नाही. त्यात तापलेल्या चिपमधून गळणारा करंटही वाढतो, म्हणजे उष्णता आणखी वाढते. शिवाय शंभराच्या उंबरठ्यावर वेग सारखा वर-खाली होत असताना व्होल्टेजही डोलतं, आणि काठावर बसवलेल्या सेटिंगला तेवढं निमित्त पुरतं. म्हणून 'माझा चिप ५ ला स्थिर आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या खोलीत, कोणत्या महिन्यात, हे त्यात यायला हवं. इंटरनेटवर जे दुसऱ्यांचे आकडे बघून आपण सेटिंग टाकतो ते बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात.

आता तिसरी तक्रार, जिच्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

एका लग्नाची फिल्म एक्स्पोर्ट होऊन गिऱ्हाइकाकडे गेली. मंगलाष्टकं चालू असताना दोन सेकंद चित्रात हिरवे-गुलाबी चौकोन. मुलीच्या आईने फोन केला. एडिटर म्हणाला, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड खराब झालं असेल, शूटिंगच फाटलं असेल. हे तपासायला सोपा मार्ग आहे: तीच टाइमलाइन पुन्हा एक्स्पोर्ट करायची. डाग त्याच फ्रेमवर आला तर दोष मूळ फाइलमध्ये. डाग जागा बदलत असेल तर दोष मशीनमध्ये. आम्ही कंपनी सेटिंगवर एक्स्पोर्ट केली, स्वच्छ आली. ५ गिगाहर्ट्झवर, दुपारी, त्याच खोलीत पुन्हा केली. या वेळी मंगलाष्टकं ठीक, पण पंगतीच्या भागात एका ठिकाणी पट्टा उमटला. प्रश्न मिटला.

मशीन बंद पडणं परवडतं, कारण ते दिसतं. निळी स्क्रीनसुद्धा परवडते. चिपने चुकीचं उत्तर काढलं आणि ते बरोबर समजून पुढे दिलं, हा प्रकार परवडत नाही, कारण तो तुमच्या आधी गिऱ्हाइकाला दिसतो. व्हिडिओत निदान डोळ्यांना दिसतो तरी. टॅलीच्या डेटात किंवा बॅकअपमध्ये असा एखादा बिट उलटला तर तो कधी सापडेल आणि कोणत्या रूपात, याचा नेम नाही. प्राइम९५ चा तासही याची हमी देत नाही. तो कार्यक्रम मुळात मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्या प्रकल्पाचा. त्याच्या टॉर्चर टेस्टमध्ये आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताळा घेतला जातो, म्हणून तो चुका पकडायला चांगला. पण तो प्रोसेसरचे काही ठरावीक भाग रगडतो. व्हिडिओ एन्कोडर वेगळे भाग वापरतो, वेगळ्या लयीत वापरतो.

मिळालं किती

नव्वद मिनिटांच्या फिल्मचं ४के एक्स्पोर्ट, सॉफ्टवेअर एन्कोडिंग (म्हणजे मुख्यतः प्रोसेसरने करायचं), दोन पास. कंपनी सेटिंगवर १६० मिनिटं. ५ गिगाहर्ट्झवर थंड खोलीत १४२. वाचली १८ मिनिटं, म्हणजे ११ टक्के. वेग १६ टक्के वाढवूनही फायदा ११ च, कारण त्या कामाचा काही भाग ग्राफिक्स कार्डावर होतो, काही डिस्कवर, आणि त्यांना प्रोसेसरच्या ठोक्याशी देणंघेणं नाही. कामाच्या ज्या भागाचा वेग वाढत नाही तोच शेवटी एकूण वेळेला बांध घालतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा मुद्दा मुळात अनेक प्रोसेसर एकत्र जोडण्याबद्दल होता, पण इथेही तसाच लागू पडतो. मे महिन्यातली वाचवणूक दहा मिनिटांच्या आत आली होती.

आता अठरा मिनिटांची किंमत करू. एक एक्स्पोर्ट शेवटी शेवटी बिघडलं तर १४२ मिनिटं पाण्यात. १४२ भागिले १८, जवळजवळ आठ. म्हणजे आठ एक्स्पोर्टमागे एक जरी असं गेलं तरी सगळी कमाई साफ, आणि त्यात पूर्ण फिल्म पुन्हा डोळ्यांखालून घालण्याचा वेळ धरलेलाच नाही. त्याहून साधी गोष्ट ही की एडिटर मोठे एक्स्पोर्ट रात्री झोपताना लावतो. पहाटे तीनला संपणारं काम पावणेतीनला संपलं तर त्याचा उपयोग कोणाला?

वीजबिलाचा बाऊ मी करणार नाही. चिपचे ४० वॅट जास्त म्हणजे भिंतीपाशी पन्नासच्या आसपास; महिन्याला दीडशे तास रेंडर धरलं आणि युनिटला सात रुपये धरले तर जेमतेम पन्नास-पंचावन्न रुपये होतात.

चिपच्या आयुष्याबद्दल विचारतात. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानाने चिपच्या आतल्या धातूच्या तारांमधले अणू करंटच्या दिशेने हळूहळू सरकतात, ट्रान्झिस्टरही झिजतात, आणि मग पूर्वी पुरणारं व्होल्टेज पुरेनासं होतं. ९६००के सारख्या १४ नॅनोमीटरच्या चिपसाठी १.३२ व्होल्ट हा काही अघोरी आकडा नाही. या मशीनमध्ये झीज झालेली मला दिसली नाही; थंड केल्यावर तो पुन्हा ५ वर सरळ चालतो. पण हा धोका काल्पनिक आहे असंही कोणी म्हणू नये. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या दर्जाच्या चिपमध्ये २०२४ मध्ये जे गाजलं ते हेच: जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे चिपला चालायला लागणारं किमान व्होल्टेजच वर सरकलं आणि लोकांचे गेम, रेंडर कोसळायला लागले. कंपनीला ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आणावा लागला, मग ०एक्स१२बी, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही चिप खरोखर जळले आणि एसओसी व्होल्टेजला (चिपमधल्या मेमरी नियंत्रकासारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ ची मर्यादा घालावी लागली. व्होल्टेज ही चेष्टेची गोष्ट नाही, मग ते धाकट्या भावाने वाढवलेलं असो की बोर्ड बनवणाऱ्याने.

पूर्वी परवडायचं

आमच्या पिढीने ओव्हरक्लॉकिंगचे दिवस बघितले आहेत, आणि ते खरंच सोन्याचे होते. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, बोर्डाचा बस (मूळ ठोका) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करायचा, आणि ३०० चा चिप ४५० वर पळायचा. पन्नास टक्के, जवळजवळ फुकट. बरेचदा व्होल्टेजलाही हात लावावा लागत नसे. २०११ च्या आय५-२५००के चा मूळ वेग ३.३ आणि टर्बो (चिप स्वतःहून गाठतो तो वाढीव वेग) ३.७, साधा टॉवर कूलर लावून साडेचारपर्यंत बहुतेक चिप जात. त्या काळी कंपनी चिपमध्ये खूप जागा मोकळी सोडत असे आणि ती आपली असे.

आता ती जागा कंपनीच वापरते. २०२३ चा आय९-१४९००के खोक्यातूनच ६ गिगाहर्ट्झचा टर्बो घेऊन येतो. एएमडीच्या रायझनमध्ये प्रिसिजन बूस्ट ही सोय क्षणाक्षणाला तापमान आणि करंट बघून वेग स्वतःच ठरवतो. तिथे हाताने सगळ्या कोअरना एकच वेग लावला तर एका कोअरवर मिळणारा बूस्ट उलट गमावण्याची शक्यता असते. इंटेल एकेकाळी ओव्हरक्लॉक करणाऱ्यांसाठी वेगळे पैसे घेऊन चिप बदलून देण्याची योजना विकत असे. ती २०२१ मध्ये बंद केली. साध्या वॉरंटीत तर ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान धरलंच जात नाही. या मशीनची वॉरंटी केव्हाच संपलेली, त्यामुळे तो मुद्दा इथे लागू नव्हता, पण नव्या चिपवर हात चालवणाऱ्याने तो आधी धरावा.

४.७ चा मधला थांबा

धाकट्याला मी सरसकट नाही म्हटलं नाही. चिप त्याचा, हौस त्याची. दुकानात बसून आम्ही एक-एक पायरी उतरत गेलो आणि प्रत्येक वेगाला किमान किती व्होल्टेज लागतं ते बघितलं. ४.७ ला १.२२ व्होल्ट पुरले. कंपनी सेटिंगपेक्षा वेग ९ टक्के जास्त, वीज १३ टक्के जास्त. तिथून ५ वर जायला मात्र १.३२ लागतात: वेग आणखी जेमतेम साडेसहा टक्के, वीज आणखी पंचवीस टक्के. शेवटचे ३०० मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग. ४.७ वर चिप ११३ वॅटच्या आसपास राहतो, मे महिन्यातही अठ्ठ्याऐंशीच्या पुढे जात नाही आणि यूपीएसही कुरकुरत नाही.

"पण काका, स्क्रीनवर पाच दिसतं ना, बरं वाटतं," धाकटा म्हणाला.

हे कारण मला खोटं वाटत नाही. द्रव हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झ गाठणारी माणसं रेंडर थोडंच करतात. गेम खेळायचं मशीन असेल, त्यावर कोणाची पोटापाण्याची फाइल नसेल, तर हौसेला हौस म्हणून किंमत आहे. तिथेही एक खोच आहेच: १६६० सारखं कार्ड आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर गेमचा वेग कार्ड ठरवतं, प्रोसेसर नव्हे, पाच गिगाहर्ट्झ कोपऱ्यातल्या आकड्यात दिसेल, खेळात दिसणार नाही. पण धाकट्याला आकडाच हवा होता, आणि त्यासाठी हिवाळा आहे.

खरी अडचण कुठे होती

हे सगळं सुरू का झालं ते एडिटरला विचारल्यावर कळलं. गेल्या वर्षी त्याने नवा कॅमेरा घेतला. तेव्हापासून टाइमलाइन अडखळायला लागली, म्हणून धाकट्याने प्रोसेसर पळवला. नवा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, एच.२६४ या व्हिडिओ प्रकारात रेकॉर्ड करतो. रंग दुरुस्त करायला उत्तम. पण हा प्रकार १६६० च्या हार्डवेअर डीकोडरला येत नाही, ९६००के च्या आतल्या ग्राफिक्सलाही येत नाही. सगळा भार सहा कोअरवर. जुन्या कॅमेऱ्याच्या ८-बिट ४:२:० फाइल ग्राफिक्स कार्ड परस्पर उलगडत असे, म्हणून पूर्वी त्रास नव्हता. त्यामुळे धाकट्याचं निदान, प्रोसेसर कमी पडतोय, बरोबरच होतं. पण तो अकरा टक्क्यांनी कमी पडत नव्हता, कितीतरी पटींनी पडत होता. तिथे गुणक ५० केल्याने काय होणार!

तीन गोष्टी केल्या. एक, फुटेज मशीनवर घेतानाच रात्री प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवायला लावल्या. दिवसभराचं कटिंग हलक्या फाइलवर होतं आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल जोडल्या जातात. टाइमलाइन अडखळणं त्या दिवसापासून बंद. दोन, सॉफ्टवेअर दोन-पास सोडून ग्राफिक्स कार्डाचं हार्डवेअर एन्कोडिंग चालू केलं. तेच नव्वद मिनिटांचं एक्स्पोर्ट १६० वरून सव्वा तासावर आलं. कमी बिटरेटला (सेकंदाला कमी डेटा असताना) सॉफ्टवेअरचं चित्र थोडं सरस असतं हे खरं. पण पेनड्राइव्हवर भरपूर बिटरेटने दिलेल्या फिल्ममध्ये, दोन्ही शेजारी लावून, एडिटरलाही फरक सांगता आला नाही. तीन, रॅम. ३२०० च्या काड्या पहिल्या दिवसापासून २१३३ वर चालत होत्या, कोणी बघितलंच नव्हतं. या चिपला अधिकृतपणे झेपतो तेवढा २६६६ चा वेग लावला. याने फार फरक पडला नाही, पण तो हक्काचा होता.

एक पैसा खर्च न करता ८५ मिनिटं. त्याच्यापुढे १८ मिनिटं, आणि त्यासाठी मंगलाष्टकांवर हिरवे चौकोन.

मशीन आता

एडिटरने ४.७ सुद्धा नाकारलं. मी आकडे दाखवले, इव्हेंट लॉग स्वच्छ दाखवला, तरी म्हणाला, "काका, त्या आईचा फोन मी घेतला होता, तुम्ही नाही." मशीन कंपनी सेटिंगवर परत गेलं आणि जुलै उलटून गेला तरी एकही इव्हेंट १९ नाही. माझ्या मते ४.७ त्याला चाललं असतं. पण ज्या मशीनवर शंका घेत काम करावं लागतं त्या मशीनवर नऊ टक्के वेग वाढवून त्याचं काम नऊ टक्के लवकर झालं नसतं; प्रत्येक फिल्म तो दोनदा बघत बसला असता.

दिवाळीनंतरच्या हंगामाआधी नवं मशीन घ्यायचं ठरतंय. मी 'के' नसलेला आय५ आणि बी मालिकेचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची सोय नसलेला, बोर्ड सुचवला आहे. 'के'चा चिप, झेडचा बोर्ड आणि त्याला लागणारा मोठा कूलर यांत जो फरक पडतो त्यात मोठी एसएसडी बसते आणि ६०० च्या जागी १००० व्हीएचा यूपीएसही. चिप १२व्या पिढीचा किंवा पुढचा, आणि नावापुढे 'एफ' नसलेला हवा, म्हणजे आतलं ग्राफिक्स शाबूत असलेला. ते ग्राफिक्स १०-बिट ४:२:२ चा एचईव्हीसी (एच.२६५) प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडतं, एच.२६४ चा नाही. म्हणून कॅमेऱ्यातही रेकॉर्डिंगचा फॉरमॅट बदलावा लागेल, आणि तो ४:२:२ मध्ये राहतोय ना हे शूटिंगच्या आधी एकदा मेनूत जाऊन बघावं लागेल. ९६००के धाकट्याला मिळणार आहे. तळमजल्यावरच्या खोलीत ठेव, तिथे पटिया तापत नाहीत, एवढं मी त्याला सांगितलं आहे.